आतली कडी

खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची आणि मग थांबायची. नुसती थांबायची. खाटेवरचं माणूस डोळे उघडेपर्यंत, मान वळवेपर्यंत, "आओ" म्हणेपर्यंत. तोवर हातातला चहा निवून जायचा, पुढच्या खाटेवरचं कुणीतरी कुरकुरायचं, स्वयंपाकघरातून हाका यायच्या. ही आपली उभी.

तुम्ही एखाद्या वृद्धाश्रमात अर्धा तास जरी काढला असेल, तरी तुम्हाला ठाऊक असेल की तिथे असं कुणी करत नाही. एका हॉलमध्ये अठरा खाटा, दाराला धड पडदा नाही, तिथे कसलं आलंय टकटक. पांघरूण ओढायचं, उठवून बसवायचं, तोंड पुसायचं, पेला हातात द्यायचा, पुढे व्हायचं. ती आमच्याकडे आया म्हणून लागली त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "अगं, अशानं अठराव्या खाटेपर्यंत दुपार होईल." ती म्हणाली, "ताई, ती खाट म्हणजे त्यांचं घर आहे ना. तेवढंच तर उरलं आहे." आणि पुढच्या खाटेकडे वळली.

ही सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. माझे यजमान रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर, आम्ही लखनौला मानकनगरच्या कॉलनीत राहत होतो. मी नागपूरची, समाजकार्य शिकलेली. लखनौत पहिली चार वर्षं स्वेटर विणले, पाचव्या वर्षी वैतागून आलमबागच्या पुढे एका दान मिळालेल्या बंगल्यात चालणाऱ्या वृद्धाश्रमात अधीक्षिका म्हणून लागले. तिचा नवरा यजमानांच्याच संस्थेत शिपाई होता, भंडाऱ्याकडचा. तापानं चार दिवसांत गेला. मूलबाळ नाही. तिला आश्रमात आयाचं काम मीच मिळवून दिलं. त्यात माझा स्वार्थ होता, खोटं कशाला सांगू. दिवसातून चार वाक्यं मराठीत बोलायला मिळावीत, एवढीच माझी हाव.

टकटक करायची सवय कुठून लागली, असं मी एकदा विचारलं. तिनं सांगितलं, "आमच्या वस्तीत कोणी दार वाजवत नव्हतं, ताई. पाटलाचा माणूस, पोलीस, शाळेचा मास्तर, सगळे सरळ आत. एकदा देवीची लस टोचायला एक डॉक्टर आला. त्यानं दार वाजवलं. बाप आठ दिवस तेच सांगून राहिला होता सगळ्यांना." हे सांगताना ती हसली. आमच्या घरी सगळे दार वाजवूनच येत असत, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे हे मला तोवर कळलं नव्हतं.

तिचं पालुपद एकच होतं, "पूछा?" आया चादर बदलायला निघाली की, "पूछा?" न्हावी कात्री घेऊन आला की, "उनसे पूछा?" महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर एका आजोबांना गोळ्या लिहून देत होते, तर ही पायथ्याशी उभी राहून म्हणते, "डॉक्टरसाहब, इनसे पूछा?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दवा मैं दूँगा कि ये?" ती म्हणाली, "दीजिए आप. खाएँगे तो ये." डॉक्टर रागानं लाल. त्यांची तक्रार माझ्याकडे आली आणि मी तिला झाप झाप झापलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच सांगितलं, की आजोबांना त्या गोळीनं मळमळतं, म्हणून ते तीन महिने गोळ्या गादीखाली सारत आहेत. गादी उचलली तर खरंच मूठभर निघाल्या. डॉक्टरांना हे कळवायची माझी हिंमत झाली नाही.

एका थंडीत कुण्या दानशूर बाईंनी वापरलेल्या स्वेटरांचं गाठोडं पाठवलं. दरवर्षीची पद्धत अशी की खाटेच्या क्रमांकानं वाटून टाकायचे. तिनं ते सगळे अंगणातल्या लाकडी तख्तावर मांडले आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, पसंत करा. झालं. दोन तास बाजार भरला. एका मरून रंगाच्या स्वेटरवरून दोन आज्या अशा भांडल्या की एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या. मी ऑफिसातून धावत आले. "हे काय चालवलंय तू?" तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातली यजमानीण असावी तसा आनंद. "भांडून राहिल्या ना, ताई? बरं आहे. त्या कोपऱ्यातल्या अम्मा आल्यापासून बोलल्याच नव्हत्या कोणाशी." त्या दोघी पुढे महिनाभर बोलल्या नाहीत एकमेकींशी, पण मरून स्वेटर दिवसाआड बदलून घालायच्या. हा तोडगा त्यांचा त्यांनीच काढला होता.

ती गुणांची पुतळी होती असं समजू नका. आळशी नव्हती, पण संथ होती. दुसऱ्या आयांची कामं तिच्यापायी खोळंबायची आणि त्या तिला तोंडावर "महारानी" म्हणायच्या. एखादी आजी म्हणायची, "जो ठीक समझो, दे दो बिटिया," तर हिला ते चालायचं नाही. "नहीं अम्मा, आप बोलो." ती आजी बिचारी थकलेली, तिला खिचडी की दलिया यात काही रस नाही, पण ही हटत नाही. कितीदा मला वाटलं की हिचं विचारणं हासुद्धा एक जुलूमच आहे. तसं मी बोललेही. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

तरीही मी सांगते, दोन वर्षांत त्या हॉलचा आवाज बदलला. आधी तिथे खोकला आणि भांड्यांचा आवाज असायचा. मग माणसांचा यायला लागला.

अशात उस्तानीजी आल्या. लखनौच्या जुन्या चौक भागातल्या घराघरांत जाऊन मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, म्हणून सगळे उस्तानीजी म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, हातापायांच्या काड्या, बोलणं इतकं अदबीचं की मला माझं हिंदी लपवावंसं वाटे. पुतण्यानं आणून सोडलं, चटई आणि एक टिनाची पेटी ठेवली, आणि तो जो गेला तो गेला. डोक्यावरचा दुपट्टा झोपेतही सरकलेला कुणी पाहिला नाही.

त्या आंघोळ करेनात. कारण साधं होतं. त्या येण्याच्या वर्षभर आधी एक आजी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या होत्या आणि वीस मिनिटं कुणाला पत्ता नव्हता. त्यांना फारसं काही झालं नाही, पण आश्रमाच्या कमिटीनं ठराव केला की न्हाणीघरांच्या आणि संडासांच्या आतल्या कड्या काढून टाकाव्यात. मिस्त्रीनं एका दुपारात सगळ्या काढल्या आणि पिशवीत भरून माझ्या कपाटात ठेवल्या. बायका दारावर आपला दुपट्टा नाही तर जुन्या साडीचं फडकं टाकून आत जायच्या, तरी दिवसातून दोनदा कुणीतरी दार ढकलायचंच. उस्तानीजींनी हे पाहिलं आणि न्हाणीकडे फिरकल्याच नाहीत. चादरीच्या आत लोटाभर पाण्यानं हातपाय पुसायच्या.

अठरा दिवस झाले. वास यायला लागला. शेजारच्या खाटांवरून तक्रारी आल्या आणि माझं डोकं फिरलं. त्या दिवसापासून तिची दोन दिवसांची सुट्टी होती. मी दोन आयांना सांगितलं, उचला आणि घाला आंघोळ. हुकूम माझा होता, दुसऱ्या कुणाचा नाही. उस्तानीजी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आयांनी त्यांना न्हाऊ-माखू घालून, स्वच्छ कपडे घालून आणून बसवलं. मग त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. खाटेवर टकटक केली. उत्तर नाही. चहाचा पेला घेऊन ती तिथे इतका वेळ उभी राहिली की बाकीच्यांना चहा दुसऱ्या आयेनं दिला. काहीतरी बोलणं झालं असावं, कारण अकराच्या सुमारास ती माझ्या ऑफिसात आली आणि नेहमीसारखी दाराशी न थांबता सरळ टेबलापर्यंत आली.

"ताई, त्यांना विचारलं होतं काय?"

"अठरा दिवस झाले होते गं."

"त्या म्हणतात, कडी असली तर रोज करीन. एवढंच म्हणतात. दुसरं काही मागून नाही राहिल्या."

मी ठराव दाखवला. तिनं कागद पाहिला, वाचला आणि टेबलावर परत ठेवला. मग आपली योजना सांगितली. मागच्या बाजूचं छोटं न्हाणीघर. तिथे आकड्याची कडी लावायची, अशी की दार आणि चौकट यांच्या फटीतून लोखंडी फूटपट्टी घातली तर बाहेरून उचलता येईल. पट्टी तिथेच खिळ्याला टांगलेली. आंघोळ होईस्तोवर ती स्वतः बाहेर उभी राहील. खाटा दुरुस्त करायला मिस्त्री येणारच आहे, दहा मिनिटांचं काम.

खरं म्हणजे डोकं लावून केलेली योजना होती. त्या कड्या माझ्याच कपाटात होत्या. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि हसत म्हणाले, "लाव. पण मला यातलं काही माहीत नाही हं." तीही हसली. तेव्हा ती थट्टा होती.

मे महिना चालू होता, गरम लू वाहत होती, लाकूड वाळून खडखडीत झालेलं. मिस्त्रीनं कडी बसवली. आम्ही दोघींनी पट्टीनं दहा वेळा उघडून पाहिली. झटक्यात उघडायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? दोघी विदर्भातल्या, दर पावसाळ्यात घराची दारं लाथेनं उघडणाऱ्या. पण त्या उन्हात पावसाळा कुणाला आठवतो.

पहिल्या दिवशी उस्तानीजी तासभर आत होत्या. पाण्याचा आवाज, मग शांतता, मग परत पाणी. ती बाहेर पाठमोरी उभी. मी उगाच कामं काढून चार वेळा तिथून गेले. शेवटी कडी निघाल्याचा आवाज झाला आणि उस्तानीजी बाहेर आल्या. ओल्या केसांवर दुपट्टा, चेहरा उजळलेला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जीती रहो." मला पाहून त्यांनी अदबीनं आदाब केला. मी त्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

त्या दिवसापासून रोज. इतकंच नाही, ते मागचं न्हाणीघर एकदम भाव खाऊ लागलं. पुढची तीन न्हाणीघरं रिकामी आणि मागच्यासमोर रांग. पंचाहत्तर वर्षांच्या बायका वशिला लावायच्या, "बिटिया, आज पहले मैं." त्या दोन महिन्यांत आश्रमात साबण दुप्पट लागला. आम्हा दोघींना या गोष्टीचं फार हसू यायचं.

जुलैत पाऊस लागला आणि दार फुगलं. तिनं पहिल्यांदा सांगितलं, "ताई, दार दाटून बसते. पट्टी जाऊन नाही राहिली फटीतून. मिस्त्री बोलवा, रंधा मारू द्या." मी म्हटलं, बोलावते. चार दिवसांनी तिनं परत सांगितलं. तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात कमिटी पाहणीला येतेय. मिस्त्री तिथे दिसला तर कडी दिसेल. ते जाऊ देत, मग बघू." ती म्हणाली, "तोवर कडी काढून टाकू काय?" मी म्हटलं, "तू बघ." माझी ही जुनी खोड आहे. नकोसा निर्णय असला की, तू बघ.

ती काय बघणार. तिनं उस्तानीजींना विचारलं. दार फुगलंय, काही झालं तर बाहेरून उघडणार नाही, सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुंडी तो लगाऊँगी, बिटिया." कडी तर लावणारच. हे तिनं मला त्याच दिवशी येऊन सांगितलं. मी मान डोलावली आणि फाइल उघडली.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास त्या आत पडल्या.

मी पोचले तेव्हा ती पट्टी घालायचा प्रयत्न करून करून थकली होती. पट्टी वाकली होती, तिच्या बोटांतून रक्त येत होतं. दार हलत नव्हतं. माळी दार फोडायला सब्बल आणायला गेला होता, आणि ती सब्बल नेमकी कुठल्या खोलीत कुलुपात आहे हे कुणाला आठवत नव्हतं. ती ओल्या फरशीवर पालथी झोपली आणि दाराच्या खालच्या फटीला तोंड लावून बोलत राहिली. "उस्तानीजी, मैं यहीं हूँ. हिलना मत. मैं यहीं हूँ." आतून कण्हण्याचा आवाज येत होता. शब्द येत नव्हते. हे पाऊण तास चाललं.

शेवटी दार फुटलं. माळी आणि चौकीदार आत घुसणार, तशी ही उठून दोन्ही हात पसरून आडवी झाली. "मुँह फेरो." दोघांना तोंड फिरवायला लावलं, मग एकटी आत गेली आणि आपलं लुगडं सोडून त्यांच्या अंगावर घातलं. स्वतः परकर-पोलक्यावर बाहेर आली आणि म्हणाली, आता उचला. मी तिच्यासाठी ऑफिसातला टेबलक्लॉथ ओढून आणला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी इस्पितळात तीन दिवस होत्या. कमिटीनं तिला तिकडे जायला मनाई केली, चौकशी व्हायची आहे म्हणून. त्यामुळे बसायला मी. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्तानीजी पूर्ण शुद्धीवर आल्या. पाणी मागितलं. मग माझा हात धरून, थांबत थांबत, पण अगदी स्पष्ट बोलल्या. "कुंडी मैंने लगाई थी, बहनजी. अपनी मर्ज़ी से. उस बच्ची से कह दीजिएगा, दो महीने मैं इंसानों की तरह नहाई हूँ. उसका दिल छोटा न हो." मी म्हटलं, सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी न्युमोनियानं त्या गेल्या. पुतण्या आला नाही.

चौकशी माझ्याच ऑफिसात झाली. कमिटीचे तिघे जण, मी लिहून घ्यायला, ती उभी. अध्यक्षांनी विचारलं, "कुंडी किससे पूछकर लगवाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दटावून नाही. नुसतं पाहिलं, जशी ती खाटेपाशी थांबायची तशी थांबली. माझ्यासमोर कागद होता. मी त्या कागदावर तारीख लिहिली. तारीख आधीच लिहिलेली होती, मी तीच परत गिरवली.

"सुना नहीं? किससे पूछकर?"

ती म्हणाली, "उस्तानीजी से."

एक सदस्य हसले. अध्यक्ष म्हणाले, लिहा. मी लिहिलं. पिशवी मी दिली हे लिहिलं नाही. मिस्त्रीला मी बोलावलं नाही हे लिहिलं नाही. इस्पितळात त्या काय बोलल्या हेही लिहिलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर कडी आली कुठून, हा पुढचा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. मुलगा दहावीत होता, यजमानांची बढती अडलेली होती, बोभाटा नको होता. अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. मी घाबरले होते, एवढंच खरं कारण.

तिला त्याच दिवशी काढून टाकलं. संध्याकाळी ती आपल्या चपला आणि डबा न्यायला आली. मी ऑफिसात एकटीच होते. मला वाटलं, आता ही बोलणार. मी तयार होते, शिव्यासुद्धा खाल्ल्या असत्या. चौकशीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. फक्त म्हणाली, "ताई, त्या काही बोलल्या काय जाताना?"

तुम्हीच सांगा, किती सोपं होतं. पण मी जर ते वाक्य तिला दिलं असतं, तर सकाळी ते तिघांसमोर का दिलं नाही हे तिला लगेच कळलं असतं. मी म्हटलं, "नाही गं. शुद्धच नव्हती."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मी काढून टाकायला पाहिजे होती कडी," ती म्हणाली. "त्यांचं ऐकायला नको होतं." तिनं डबा घेतला आणि निघाली. महिन्याभरात लखनौ सोडून ती भंडाऱ्याला आईकडे गेल्याचं यजमानांकडून कळलं.

त्यानंतर मी तिथे सहा वर्षं अधीक्षिका होते. चांगली होते असं लोक म्हणतात. सगळ्या न्हाणीघरांची दारं खालून-वरून कापून घेतली, म्हणजे आतल्या माणसाचे पाय आणि खांदे बाहेरून दिसावेत. कुणी पडलं नाही. मी तिला दोन पत्रं लिहायला घेतली आणि दोन्ही अर्ध्यावर फाडली. हॉलचा आवाज हळूहळू पहिल्यासारखा झाला. मी तो ऐकत ऑफिसात बसायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले होते. एक दिवस हाताशी होता. कुणाला न सांगता भंडाऱ्याची बस धरली. पत्ता नव्हता, पण वस्ती ठाऊक होती, आणि लखनौहून परत आलेली बाई म्हटल्यावर लोकांनी सरळ दारात नेऊन सोडलं. केस पांढरे झालेले. भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली एका म्हातारीचा फोटो, हार घातलेला. ती तूर निवडत बसली होती. मला पाहून सूप बाजूला ठेवलं. "ताई, या ना. बसा." आवाजात कुठे काही अडलेलं नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

चहा झाला. हात धुवायला म्हणून मागच्या पडवीत गेले. तिथे न्हाणी होती, विटांची, नीट सारवलेली. चौकट होती, दार नव्हतं. बिजागऱ्यांच्या जागी चुना भरलेला.

ती मागे येऊन उभी राहिली होती. "दार मीच काढलं," ती म्हणाली. "आई होती ना इथे. मी लखनौहून आली तेव्हाच काढून टाकलं. पाच वर्षं सांभाळलं तिला. मागच्या उन्हाळ्यात गेली. पण पडू नाही दिली, ताई. एकदा पण नाही. मी इथे समोर उभी राहायची."

मी त्या चुन्यावरून बोट फिरवलं.

"आधी लय रडायची. दार लाव म्हणे, नाही तर पडदा तरी लाव. मी म्हटलं, नाही. मग म्हणे, तोंड तरी फिरव, बाई." ती चौकटीच्या समोर येऊन उभी राहिली. "नाही फिरवलं मी."

तेव्हा मी सांगितलं. तिथेच, पडवीत उभ्या उभ्या. इस्पितळातली ती दुपार, उस्तानीजींचा हात, त्यांचे शब्द, चौकशीच्या वेळी मी गप्प का बसले, आणि त्या संध्याकाळी तिच्याशी खोटं का बोलले, सगळं. सात वर्षं घशात धरून ठेवलेलं दोन मिनिटांत संपलं. मला वाटलं होतं, मला हलकं वाटेल.

ती म्हणाली, "त्या काय बोलल्या ते परत सांगा. त्यांच्याच बोलण्यात."

मी हिंदीत सांगितलं. दो महीने मैं इंसानों की तरह नहाई हूँ. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग ती न्हाणीच्या पायरीवर खाली बसली. रडली नाही, माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दार नसलेल्या चौकटीकडे बघत ती बोलली, पण माझ्याशी नाही. "शेवटच्या वर्षी आई काही म्हणतच नव्हती. न सांगता कपडे काढून उभी राहायची. मला वाटलं, सवय झाली तिला."